शेऱ्यामागचे कारण

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षे चाललेल्या कोणत्याही शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहावे. त्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. 'वडिलांची बदली', 'पुढील शिक्षणासाठी' असे साधेसुधे शेरे त्यात ओळीने सापडतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत तर हा रकाना म्हणजे रेल्वे, टपाल, बँक आणि सैन्य यांच्या बदल्यांचा इतिहासच होय. परंतु मधूनच एखादा शेरा निराळा भेटतो: 'अभ्यासात गती नाही'. मूल दुसरीत दोनदा बसले, पालकांना बोलावून घेतले, चार शब्द सांगितले, आणि पुढल्या जूनमध्ये ते नाव पटावर राहिले नाही.

रकान्याचे नाव 'कारण' असे असले, तरी 'गती नाही' हे कारण नव्हे. तो परिणाम आहे. ताप आलेल्या माणसाच्या केसपेपरवर 'आजाराचे कारण: अंग गरम' असे लिहावे, तसा हा प्रकार. गती का नाही, हा प्रश्न त्या रकान्यात कोणी विचारलेला नसतो, आणि आजच्या विवेचनाचा विषय तोच प्रश्न आहे. शाळकरी वयातील बौद्धिक अक्षमतेची कारणे अनेक असतात. त्यांतील आनुवंशिक, म्हणजे जनुके आणि गुणसूत्रे यांच्याशी निगडित असलेली कारणे सर्वांत अधिक गैरसमजुतींनी वेढलेली आहेत. 'रक्तातच आहे, त्याला काय करणार' या एका वाक्याने आजवर कितीतरी मुलांची दारे बंद केली.

प्रथम संज्ञा स्पष्ट करावयास हवी. बुद्ध्यंक ७० च्या आसपास किंवा त्याखाली असणे, कपडे, पैसा, रस्ता, संवाद या रोजच्या व्यवहारांत वयाच्या मानाने बरेच मागे असणे, आणि हे सारे वाढीच्या वयातच दिसून येणे, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेव्हाच बौद्धिक अक्षमता म्हणता येते. केवळ गणितात नापास होणाऱ्या मुलाला ती संज्ञा लावता येत नाही. शंभर मुलांमागे साधारण एक असे तिचे प्रमाण मानले जाते. त्यांतील बहुसंख्य मुलांची अक्षमता सौम्य असते, आणि म्हणूनच ती विशेष शाळेत न जाता साध्या शाळेच्या पहिलीत येऊन बसतात. त्यांच्याकडे पाहणारी, घराबाहेरची पहिली नजर शिक्षकाची असते.

१९३४ हे साल या विषयात दोन दूरच्या ठिकाणी महत्त्वाचे ठरले. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीची कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी केलेली आवृत्ती त्या वर्षी प्रसिद्ध झाली. धारवाडकडील मुलांना त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारून ती बेतलेली होती. 'बिने-कामत' या नावाने ती पुढे भारतभर वापरली गेली. बुद्धी मोजायची तर मुलाच्या भाषेत मोजावी, हा तिचा साधा आग्रह होता; त्याकडे पुढे वळावयाचे आहे. कसोटीने 'किती' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'का' या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर त्याच वर्षी नॉर्वेत, ऑस्लो शहरी मिळाले, आणि ते मिळवून देण्यात एका आईचा वाटा मोठा होता.

त्या आईचे नाव बोर्गनी एगेलँड. तिची दोन मुले, लिव ही मुलगी आणि दाग हा धाकटा मुलगा. दोघेही जन्मतः निरोगी दिसली. पण लिव सहा वर्षांची होऊनही काही तुटक शब्दांपलीकडे गेली नाही, आणि दागला तर चालणेही जमेना. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले. बाईंनी एक गोष्ट हेरलेली होती: मुलांच्या अंगाला व लघवीला एक चमत्कारिक, कुबट वास येतो. ज्याला त्याला त्या हे सांगत, आणि ऐकणारे ते बाजूला सारत. अखेर असब्यर्न फेलिंग हा चयापचयाचा अभ्यासक डॉक्टर त्यांना भेटला. त्याने लघवीत फेरिक क्लोराइड घातले. मधुमेहींमध्ये एरवी तांबूस रंग यावा अशी ही चाचणी; येथे द्रव हिरवा झाला. हा हिरवा रंग कशाचा, हे शोधण्यासाठी त्याला लघवीचे नमुने हवे होते, आणि बाई ते लिटरच्या लिटर आणून देत राहिल्या. शेवटी तो पदार्थ फेनिलपायरुविक आम्ल असल्याचे सिद्ध झाले. मग फेलिंगने मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची तीच चाचणी केली. त्यांत आणखी आठ जण सापडले. काही भावंडेच होती.

या विकाराला आज फेनिलकीटोन्यूरिया म्हणतात. डाळ, दूध, अंडी अशा प्रत्येक प्रथिनयुक्त अन्नात फेनिलॲलनिन नावाचे अमिनो आम्ल असते. यकृतातील एक विकर त्याचे रूपांतर करते. ते विकर घडविणारे जनुक बिघडलेले असेल, तर फेनिलॲलनिन रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. बिघडलेली प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही आली तरच विकार होतो. एकाकडूनच आली तर माणूस पूर्ण निरोगी राहतो आणि आपण वाहक आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणजेच दोन निरोगी, हुशार माणसांच्या पोटी, पिढ्यान्‌पिढ्यांत असे काही घडलेले नसताना, हे मूल जन्मू शकते. दोघे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारांत एक.

लिव आणि दाग यांना या शोधाचा उपयोग झाला नाही. त्यांचे नुकसान होऊन गेलेले होते. पण कारण कळले होते, आणि कारण कळले की उपाय शोधता येतो. १९५१ च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात शीला नावाची लहान मुलगी याच विकाराने आलेली होती. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरला विचारी, माझ्या मुलीसाठी तुम्ही काय करणार? उपाय नाही हे उत्तर तिला मान्य नव्हते. तिच्या तगाद्यामुळे बिकेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फेनिलॲलनिन काढून टाकलेला प्रथिनांचा आहार तयार केला. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, डोके आपटणे थांबले, केसांचा रंगही गडद झाला. हा परिणाम आहाराचाच की योगायोग, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता तिच्या आहारात फेनिलॲलनिन पुन्हा मिसळले. काही तासांत तिची रड परत सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत कमावलेले सारे ओसरले. नंतर आईच्या संमतीने तोच प्रयोग उघडपणे करून दाखविण्यात आला. आजच्या नीतिनियमांत पहिली कृती बसणार नाही, आणि ती बसू नये हेच योग्य. परंतु जन्मजात, आनुवंशिक मतिमंदत्व केवळ ताटातील बदलाने हटते-वाढते, हे जगाने त्या दिवशी प्रथम पाहिले.

शीलाचा आहार उशिरा सुरू झाला होता. तो जन्मतःच सुरू करावयाचा, तर निदान आठवड्याभरात व्हावयास हवे. ते काम अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री याने केले. त्याचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता. भाचीला फेनिलकीटोन्यूरिया होता आणि तिचे निदान पंधराव्या महिन्यात झालेले होते. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब टीपकागदावर वाळवून तपासायचा, ही त्याची युक्ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या टीपकागदामुळे अनेक देशांत हा विकार असलेली मुले आज साध्या शाळेत, साध्या परीक्षा देत शिकतात. 'रक्तातच आहे' हे खरे. 'काय करणार' हे खरे नव्हे.

भारतात फेनिलकीटोन्यूरिया युरोपच्या मानाने बराच दुर्मीळ आहे. आपल्या शाळांत अधिक वेळा दिसणारी आनुवंशिक कारणे दोन: डाऊन लक्षणसमूह आणि फ्रॅजाइल एक्स.

डाऊन लक्षणसमूह बहुतेकांना चेहऱ्यावरून ओळखता येतो. सुमारे ७०० ते ८०० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण आहे. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये त्याचे वर्णन करताना या मुलांना 'मंगोल' म्हटले. एका मानवसमूहाचे नाव व्यंगाला चिकटविण्याची ती चूक जवळजवळ शंभर वर्षे चालली. मंगोलियाने हरकत घेतल्यावर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती संज्ञा सोडली. खरे कारण १९५९ मध्ये पॅरिसला सापडले. मार्त गोत्ये हिने पेशी वाढविण्याचे तंत्र तेथे उभारले, आणि जेरोम लजन याच्या नावाने प्रामुख्याने गाजलेल्या त्या निबंधाने दाखविले की या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. बहुतांश वेळा बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी न सुटल्याने असे होते. म्हणजे शंभरांतील सुमारे पंचाण्णव मुलांच्या बाबतीत हा आई-वडिलांकडून चालत आलेला 'वारसा' नसतोच. तो त्या एका क्षणीचा अपघात असतो. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे, तरी तरुण वयातील प्रसूती संख्येने अधिक असल्याने अशी पुष्कळ मुले तरुण मातांच्याच पोटी येतात.

शाळेने येथे काय जाणावे? या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयविकार असतो. कानांत वारंवार पाणी साचून ऐकू कमी येते. थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण अधिक असते. वर्गात मूल 'लक्ष देत नाही' असे वाटते तेव्हा ते ऐकतच नसते, असे वारंवार घडते. शिवाय या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले चटकन उमजते. नुसते तोंडी पाढे म्हणवून घेणाऱ्या शिक्षकाला हे मूल पालथ्या घड्यासारखे वाटेल. तोच शिक्षक चित्रे, चिठ्ठ्या आणि मणी घेऊन बसला तर वाचन येऊ लागलेले पाहील. कारण कळल्याचा हा वर्गातला फायदा.

फ्रॅजाइल एक्स मात्र चेहऱ्यावरून कळत नाही, आणि म्हणून तो शाळेत सर्वांत अधिक वेळा निसटतो. पिढीजात चालत येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेच्या कारणांत तो अग्रभागी आहे. १९४३ मध्ये मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी एका इंग्रज कुटुंबातील ११ मतिमंद पुरुषांची वंशावळ मांडली. बायका मात्र बहुतेक धडधाकट. दोष एक्स गुणसूत्रावर असावा हे त्यावरून दिसले, आणि १९९१ मध्ये ते जनुक सापडले. त्या जनुकात तीन अक्षरांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते. निरोगी माणसात ती ४४ वेळांपर्यंत येते. ५५ ते २०० वेळा आल्यास माणूस वाहक असतो. आणि २०० च्या पुढे गेली की जनुक बंद पडते. ही ओळ आईकडून मुलाकडे जाताना लांबू शकते. मुलींना दुसरे एक्स गुणसूत्र सावरून धरते, मुलांना ते नसते. म्हणून त्यांच्यात तीव्रता अधिक. एक्स गुणसूत्रावरील शंभराहून अधिक जनुके बुद्धीशी निगडित असल्याचे ज्ञात आहे. मुलग्यांत बौद्धिक अक्षमता अधिक दिसते त्याचे हे एक कारण.

वर्गातील चित्र असे: मुलगा डोळ्याला डोळा देत नाही, हात फडफडवितो, विचारलेला प्रश्नच परत म्हणतो, शाळेची घंटा वाजली की कान झाकतो, गर्दीत बिथरतो. अंकगणित त्याला अवघड. आणि तरी वर्गातील प्रत्येकाचे नाव, कोणाच्या डब्यात काय असते, हे त्याला पाठ. शिक्षक त्याला उद्धट समजतो. येथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: साध्या गुणसूत्र-तपासणीत हा विकार हमखास सापडत नाही, डॉक्टरांना त्याची वेगळी डीएनए तपासणी सांगावी लागते. 'तपासले, काही निघाले नाही' असे सांगणाऱ्या पालकांना नेमके काय तपासले, हे विचारणे शाळेच्या अधिकाराबाहेरचे नाही.

या ठिकाणी एका नाजूक विषयाला हात घातला पाहिजे. घरात असे मूल जन्मले की बोट आईकडे जाते. ग्रहणात विळी हातात धरली, पोटुशी असताना अमुक खाल्ले, हिच्या माहेरीच तसे आहे. वरील विवेचनात आलेल्या गोष्टी आठवाव्यात. फेनिलकीटोन्यूरियात दोघेही समान वाहक. डाऊनमध्ये बहुतेकदा कोणीच नाही. अनेक तीव्र प्रकारांत तर आई-वडील दोघांतही नसलेला बदल मुलात नव्यानेच उपजलेला असतो. राहता राहिला फ्रॅजाइल एक्स: तो आईकडून आला, तरी तिच्याकडे तो तिच्या वडिलांकडूनही आलेला असू शकतो, आणि ते गृहस्थ गावात हुशार म्हणून नावाजलेले असू शकतात. ज्याची निवड कोणी केली नाही त्याला दोष म्हणता येत नाही. पालकसभेत नुसते 'मूल मंद आहे' एवढेच सांगून घरी पाठविलेली आई त्या आरोपाच्या तोंडी जाते. कारण सांगून पाठविलेली आई निदान उत्तर घेऊन जाते.

जेथे सावधगिरी शक्य आहे ते मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. मामेबहिणीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक समाजांत मान्य आहे. इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तव्यवस्थेच्या अभ्यासात त्याची सविस्तर नोंद घेतली. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू येथे मामा-भाचीचे विवाहही होतात, आणि तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ही प्रथा शेजारातून परिचित असते. सख्ख्या मामे-आते भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो, मामा-भाचीत चौथा. त्यामुळे लपलेल्या दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारण जोडप्यात बाळाला गंभीर जन्मजात विकार असण्याची शक्यता शेकडा २ ते ३. सख्ख्या मामे-आते भावंडांत ती साधारण दुप्पट. बहुतेक मुले तरीही निरोगी जन्मतात, म्हणून अशा विवाहांना नावे ठेवून उपयोग नाही. लग्नापूर्वी किंवा पहिले मूल आजारी निघाल्यावर आनुवंशिकी सल्ला घ्यावा, एवढेच.

आणि सर्व काही जनुकांवर ढकलणे, ही दुसऱ्या टोकाची चूक. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले, त्यातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते हे दिसले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनअभावी गर्भातील मेंदूची वाढही खुंटते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुले मंद निपजत, आणि ते 'रक्तात' आहे असे कोणालाही वाटले असते. ते मिठात होते. जन्मतः थायरॉइड कमी असलेले बाळ रोजच्या स्वस्त गोळीने निरोगी वाढते, उशीर झाल्यास मतिमंद होते. जन्मवेळी गुदमरणे, मेंदुज्वर, कुपोषण ही कारणेही आपल्याकडे मोठी आहेत.

त्याहूनही आधी भाषेचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेतील मूल घरी मराठी, रस्त्यावर स्थानिक भाषा आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकते. त्याची बुद्धी ज्या भाषेत ते विचार करीत नाही त्या भाषेत मोजली, तर अंक खाली येणारच. कामतांनी कसोटी मराठीत आणि कन्नडमध्ये का बेतली, हे येथे उमगते. मानसशास्त्रज्ञाकडे जाताना मुलाची घरची भाषा कोणती, हे पालकांनी आधी सांगावे.

शाळेच्या हाती साधने आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित असून पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'उम्मीद' उपक्रमातून निवडक सरकारी रुग्णालयांत आनुवंशिक निदानाची सोय झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली असून ४० टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. सिकंदराबादला १९८४ पासून या विषयाची राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. पण डॉक्टरांकडे जाणाऱ्या कागदावर शाळा काय लिहिते, यावर पुष्कळ अवलंबून असते. 'ढ आहे, गती नाही' या चिठ्ठीने डॉक्टरांना काही कळत नाही. वर्गशिक्षिकेने लिहावयाची चिठ्ठी साधारण अशी असावी:

'इयत्ता दुसरी, वय सात वर्षे चार महिने. घरी मराठी बोलतो, शेजारी स्थानिक भाषा. मागून हाक मारल्यास वळतो, पण डोळ्यांत पाहत नाही. विचारलेला प्रश्नच परत म्हणतो. घंटा वाजली की कान झाकतो. वीसपर्यंत अंक म्हणून दाखवितो, परंतु पाच मणी मोजून देता येत नाहीत. वर्गातील सर्व मुलांची नावे पाठ आहेत. आईच्या सख्ख्या भावाला बोलणे उशिरा आले, असे आई सांगते. आई-वडील नात्यातले नाहीत. कानांची व डोळ्यांची तपासणी अद्याप झालेली नाही. रोज वेळेवर शाळेत येतो.'